कोकणचा कातळ आणि पावसाळी लाटा

प्राथमिक शाळेच्या भूगोलात समुद्रकिनारा हा विषय बहुधा नकाशावरील एका रेषेने आटोपतो. रेषेच्या एका बाजूस निळा रंग, दुसऱ्या बाजूस हिरवा. मध्ये बंदरांची नावे. ज्या गावातून समुद्र दिसतो तेथील मुलास ही रेषा खोटी वाटते, कारण त्याने ती जागची हललेली पाहिलेली असते. ज्येष्ठात घरामागची पुळण खरवडली जाते, कार्तिकात ती पुन्हा भरते, आणि एखाद्या वर्षी भरतच नाही. हे का घडते, असे त्याने विचारल्यास शिक्षकाजवळ उत्तर असावे, या हेतूने हा लेख लिहिला आहे. किनाऱ्याचे रूप ठरविणाऱ्या गोष्टी मुख्यतः दोन : जमिनीच्या बाजूने खडक आणि पाण्याच्या बाजूने लाटा. आपल्या कोकणात या दोहोंचीही ओळख पायी फिरून करून घेता येते, ही मोठी सोय आहे.

प्रथम खडकाचा विचार करू. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूपृष्ठाला पडलेल्या भेगांतून तप्त शिलारस वारंवार बाहेर पडला व थरावर थर साचून दख्खनचे पठार झाले. घाटमाथ्यावर या थरांची एकूण जाडी हजार मीटरांहून अधिक भरते. या काळ्या खडकास बेसाल्ट म्हणतात. पाटा-वरवंटा आणि जाते घडविण्याचा काळा दगड तो हाच. पुढे भारताच्या पश्चिमेकडील भूभाग तुटून दूर सरकला. आज आफ्रिकेच्या पूर्वेस असलेली सेशेल्स बेटे ही त्याच भूभागाचा अवशेष होत. पश्चिम किनारा एकंदरीत सरळ दिसतो त्याचे मूळ या प्राचीन तुटीत आहे. परंतु हा सरळपणा नकाशापुरता. जवळ जाऊन पाहावे तो दर दोन-चार मैलांवर एखादे भूशिर समुद्रात घुसलेले, त्याच्या कुशीत अर्धचंद्राकार पुळण, आणि मध्ये खाडीचे मुख, असा दातेरी देखावा दिसतो.

हा दातेरीपणा कोठून आला ? बेसाल्ट सर्वत्र सारखा कठीण नाही, हे त्याचे उत्तर. लाव्हाच्या दोन थरांच्या मध्ये पुष्कळदा तांबड्या मऊ मातीचा पट्टा असतो. काही थर घट्ट, तर काही बुडबुड्यांच्या पोकळ्यांनी भरलेले असतात. शिलारस थंड होताना आकसल्यामुळे खडकात उभ्या भेगा पडलेल्या आहेत. शिवाय ठिकठिकाणी जुन्या भेगांत गोठलेल्या शिलारसाच्या उभ्या भिंती थरांना छेदून गेलेल्या आढळतात. अशी भिंत कोठे आजूबाजूच्या खडकापेक्षा चिवट निघते व पाण्यात कुंपणासारखी पुढे जाते, तर कोठे ती लवकर झिजून तिच्या जागी अरुंद घळ पडते. समुद्र सर्वत्र सारखाच ठोकतो. जेथे खडक दुबळा तेथे त्याचा शिरकाव लवकर होतो.

रत्नागिरीच्या बाजूस बेसाल्टावर जांभ्याचे टोपण आहे. उष्ण हवा व विपुल पाऊस यांच्या योगे मूळ खडकातील विरघळणारी द्रव्ये वाहून गेली, लोह व ॲल्युमिनियम यांची संयुगे मागे राहिली, आणि तांबडा, सच्छिद्र जांभा तयार झाला. चिरेखाणीत काम करणाऱ्याच्या मुलास याचा एक गुण सांगावा लागत नाही : चिरा काढताना मऊ असतो, उन्हावाऱ्यात राहिला म्हणजे कठीण होतो. सड्याचा माथा म्हणूनच टणक असतो. परंतु टोपणाखाली अनेक ठिकाणी पांढरट-जांभळट, साबणासारखी मऊ माती असते. डोक्यावर फरशी व खाली माती अशी ही रचना. लाटा व पावसाचे झिरपणारे पाणी खालची माती काढून नेतात, वरचा जांभा काही काळ अधांतरी राहतो, आणि मग मोठमोठे चौकोनी तुकडे होऊन कोसळतो. जांभ्याच्या कड्याखाली पडलेला धोंड्यांचा ढीग पाहून वरच्या बाजूस भेग आहे काय हे पाहण्याची सवय गुराखी मुलांना लावावी. पावसाळ्यात अशा कड्याच्या काठाशी अगर पायथ्याशी बसणे धोक्याचे आहे.

दक्षिणेकडे मालवण-वेंगुर्ल्याच्या भागात गेले म्हणजे बेसाल्ट संपतो व त्याच्या खालचे, फार पुरातन खडक उघडे पडतात. त्यांचे वय शंभर कोटी वर्षांच्या घरात, काहींचे त्याहूनही पुष्कळ अधिक आहे. त्यांत गारगोटीचे प्रमाण मोठे असल्यामुळे तेथील वाळू पांढरी. उलट, उत्तरेकडच्या पुष्कळ पुळणी करड्या अगर काळपट दिसतात, कारण ती वाळू बेसाल्टाच्या कणांची आहे. रत्नागिरीजवळ काळबादेवी व पूर्णगड या भागांत इल्मेनाइट नावाच्या जड काळ्या खनिजाची वाळू साचते. लाट हलके कण वाहून नेते व जड कण मागे ठेवते. सुपाने पाखडल्यासारखेच हे काम आहे. शाळेत लोहचुंबक असल्यास कागदावर थोडी सुकी काळी वाळू पसरून तो खालून फिरवावा. काही कण चटकन उभे राहतात; ते मुख्यतः मॅग्नेटाइट या लोहखनिजाचे होत. पांढऱ्या वाळूवर लिंबाचा रस पिळला असता बुडबुडे आले तर ती शंखशिंपल्यांच्या चुऱ्याची; न आले तर गारगोटीची. एवढ्या सोप्या परीक्षेने मुले आपल्या पुळणीचे कूळ शोधून काढू शकतात.

आता लाटांकडे वळू. लाट म्हणजे पाणी पुढे चालले आहे, हा समज सार्वत्रिक आहे. खोल पाण्यात पाणी जवळजवळ जागच्या जागी वर्तुळाकार फिरते. पुढे जाते ती केवळ हालचाल. जोंधळ्याच्या शेतावरून वारा गेला असता कणसांची लाट बांधापर्यंत पोहोचते, कणसे मात्र आपल्या ताटावरच राहतात, हे उदाहरण मुलांस पटते. लाटेचा जोर तीन गोष्टींवर अवलंबून असतो : वाऱ्याचा वेग, तो किती वेळ वाहिला, आणि किती लांबीच्या मोकळ्या पाण्यावरून वाहिला. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या बाबतीत तिन्ही गोष्टी एकदम जुळून येतात. आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून कोकणापर्यंत त्यांच्या वाटेत जमिनीचा अडथळा नाही आणि ते महिनोन् महिने वाहतात. हिवाळ्यात आपल्या समुद्रात लाटा साधारण १ मीटर अगर त्याहून कमी उंचीच्या असतात. जून ते सप्टेंबर या काळात खोल पाण्यात ३ ते ४ मीटर उंचीच्या लाटा ही नित्याची गोष्ट आहे.

येथे एक गणित शिकविण्यासारखे आहे. लाटेची ऊर्जा तिच्या उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. उंची दुप्पट झाली तर ऊर्जा चौपट, तिप्पट झाली तर नऊपट. म्हणजे १ मीटरच्या लाटेच्या जागी ३ मीटरची लाट आली तर किनाऱ्यावर तिप्पट नव्हे, नऊपट मारा होतो. दर १० सेकंदांस एक लाट धरल्यास एका दिवसात ८,६४० लाटा येतात व पावसाळ्याच्या १२२ दिवसांत साडेदहा लाखांच्या वर. वरच्या इयत्तांच्या मुलांकडून हा गुणाकार करवून घ्यावा; गणिताच्या पुस्तकातील हौदाच्या तोट्यांपेक्षा त्यांना तो अधिक आवडेल. किनाऱ्याची घडण वर्षाच्या बारा महिन्यांची सरासरी नव्हे, ती मुख्यतः या चार महिन्यांची करणी आहे, हे त्यातून स्पष्ट होते.

१० सेकंदांच्या लाटेची खोल पाण्यातील लांबी सुमारे १५६ मीटर असते. लांबीच्या निम्म्याइतकी खोली उरली, म्हणजे या उदाहरणात ७८ मीटरांच्या आत ती आली, की तिचे पाय तळाला लागू लागतात. मग तिचा वेग मंदावतो, लांबी कमी होते आणि माथा उभा राहू लागतो. पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या सव्वापटीपेक्षा किंचित अधिक इतकीच राहिली म्हणजे माथा पुढे कोसळतो. तीच फुटलेली लाट. ३ मीटरची लाट सुमारे ४ मीटर पाण्यात फुटते. म्हणून किनारा उतरता व उथळ असेल तर तिचा पुष्कळसा जोर वाटेतच खर्ची पडतो. कडा थेट खोल पाण्यात उभा असेल तर सगळा मार कड्यालाच बसतो.

लाट वळते, हेही लक्षात ठेवले पाहिजे. भूशिरासमोर पाणी आधी उथळ होते, तेथील लाट मंदावते. दोन्ही बाजूंच्या खोल पाण्यातील भाग पुढे सरकत राहतो. परिणामी लाटेची रेषा भूशिराभोवती गुंडाळली जाते व तिची शक्ती त्याच्यावर तिन्ही बाजूंनी एकवटते. तीच शक्ती उपसागरात लांब कमानीवर पसरून सौम्य होते. भूशिरावर खडक उघडा पडतो व त्याच्या कुशीत वाळू साचते, त्याचे कारण हेच. एक मौज अशी की, मूळ कठीण खडकामुळे भूशिर पुढे राहिले, आणि पुढे राहिल्यामुळेच सर्वाधिक मार त्याच्या वाट्यास आला. काळाच्या ओघात किनारा सरळ करण्याकडे लाटांचा कल असतो. खडकांतील फरक त्याला पुन्हा वाकडा करीत राहतो.

कडा प्रत्यक्षात फुटतो कसा ? नुसत्या पाण्याच्या धडकेने होणारे काम दिसते त्याहून कमी आहे. भेगेत अडकलेली हवा लाटेच्या दाबाने आवळली जाते व लाट मागे सरताच एकदम फैलावते. हे दिवसातून हजारो वेळा घडल्यावर भेग रुंदावते. लाटेतील वाळू व गोटे पायथ्याला कानशीप्रमाणे घासतात. ओहोटीच्या वेळी उघड्या पडलेल्या खडकाच्या छिद्रांत खारे पाणी सुकते, मिठाचे स्फटिक वाढतात व कण सुटे करतात. या शेवटच्या क्रियेचा उत्कृष्ट नमुना श्रीवर्धन तालुक्यातील हरिहरेश्वर येथे पाहावयास मिळतो. प्रदक्षिणामार्गावरून खाली उतरल्यावर खडकावर मधाच्या पोळ्यासारखी जाळी पडलेली दिसते. तेथेच कड्याच्या पायथ्याशी लाटांनी कोरलेली आडवी खाच आहे, व तिच्यापुढे सपाट कातळाचा ओटा समुद्रात गेलेला आहे. खाच खोल होते, वरचा भाग कोसळतो, लाटा तो ढीग उचलून नेतात, पुन्हा खाच पडते. कडा असा मागे मागे हटत जातो आणि तो जेथे पूर्वी होता ती जागा ओट्याच्या रूपाने शिल्लक राहते. भूगोलाच्या पुस्तकांत यास तरंगघर्षित मंच असे भारदस्त नाव दिलेले असते. आपल्या मुलांना तो ओहोटीच्या वेळी कालवे काढण्याचा कातळ म्हणून आधीपासूनच ठाऊक असतो; नाव मागाहून सांगितले तरी चालेल. हरिहरेश्वरास सहल नेणाऱ्या शिक्षकांनी भरतीची वेळ विचारूनच खाली उतरावे. पाणी चढू लागले की तो मार्ग बंद होतो, आणि ओल्या कातळावरून मुलांना घाईने परत आणणे कठीण जाते.

भूशिराच्या मानेवरील दुबळा खडक झिजून तुटला तर पुढचा तुकडा बेट होऊन राहतो. कोकणच्या किनाऱ्यालगत अशी खडकाळ बेटे पुष्कळ आहेत, आणि आपल्या इतिहासाने त्यांचा उपयोग उत्तम ओळखला. हर्णैसमोरील सुवर्णदुर्ग व मालवणसमोर कुरटे बेटावर १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी बांधावयास घेतलेला सिंधुदुर्ग हे जलदुर्ग अशाच कातळांवर उभे आहेत. भोवतालची जमीन गेली, पण हे कातळ टिकले. तेथे पाया घालण्याची निवड किती डोळस होती, हे भूगोलाच्या तासालाही सांगता येते.

खाड्यांची कथा निराळी आहे. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी पृथ्वीवर बर्फाचे साठे मोठे असल्यामुळे समुद्राची पातळी आजच्याहून सुमारे १२० मीटर खाली होती. नद्यांनी आपल्या दऱ्या त्या मानाने खोल कोरल्या. पुढे बर्फ वितळले, पाणी चढले, आणि दऱ्यांची मुखे बुडाली. वाशिष्ठी, शास्त्री, सावित्री यांच्या लांबलचक खाड्या म्हणजे या बुडालेल्या दऱ्याच होत.

आता सर्वांत निकडीचा भाग : पुळण. पुळणीकडे जमीन म्हणून न पाहता समुद्राच्या तळहातावर असलेली ठेव म्हणून पाहावे. पावसाळ्यातील उंच, एकामागून एक येणाऱ्या लाटा वाळू खाली ओढतात व किनाऱ्यापासून काही अंतरावर पाण्याखाली तिचा दांडा तयार करतात. हा दांडा निरुपयोगी नव्हे. पुढच्या लाटा त्याच्यावर फुटतात व किनाऱ्यास कमी मार बसतो. नारळी पौर्णिमेनंतर समुद्र निवू लागला की लांब, सौम्य लाटा तीच वाळू हळूहळू परत आणतात. पुळणीमागील वाळूची टेकाडे ही वादळासाठी राखलेली शिल्लक. मर्यादवेल व केवडा त्यांना धरून ठेवतात. मर्यादवेलीच्या नावातच तिचे काम सांगितलेले आहे, आणि ते नाव ठेवणाऱ्याचे निरीक्षण कोणाही शास्त्रज्ञाच्या तोडीचे होते.

कोकणातील बहुतेक पुळणी दोन भूशिरांमध्ये कोंडलेल्या आहेत. शेजारच्या पुळणीतून त्यांना फारशी वाळू मिळत नाही, आणि आखूड नद्यांचा बराचसा गाळ खाडीतच बसतो. अशा कोंडलेल्या खात्यातून बांधकामासाठी गाड्या भरून वाळू काढली तर ती भरून येण्यास मार्ग राहत नाही. मागील टेकाड सपाट करून त्यावर इमारत बांधली तर समुद्राला वादळात उसनी घेण्यास वाळूच उरत नाही, व तो वाडी कापू लागतो.

वाडी कापली जाऊ लागली म्हणजे गाव दगडी बंधारा मागते. ही मागणी स्वाभाविक आहे. ज्याच्या माडांची रांग डोळ्यांदेखत पडली त्याला वाळूचा जमाखर्च ऐकवून समाधान होत नाही. परंतु बंधाऱ्याचे वर्तन मुलांना कळले पाहिजे. उतरत्या वाळूवर लाट चढते, झिरपते व दमते. उभ्या भिंतीवर ती आपटून परत फिरते आणि परतताना पायथ्याची वाळू उकरते. पाया उघडा पडला की दगड घसरतात. रत्नागिरीजवळ मिऱ्या येथील बंधारा वारंवार ढासळला व वारंवार दुरुस्त करावा लागला. शिवाय भिंत जेथे संपते त्याच्या पलीकडील जमिनीची धूप पुष्कळदा अधिक होते, आणि मग शेजाऱ्यांत तंटे उद्भवतात. मालवण तालुक्यातील देवबाग तर एका बाजूस समुद्र व दुसऱ्या बाजूस कर्ली नदी अशा वाळूच्या अरुंद पट्टीवर वसलेले आहे; तेथील लोकांना दोन्हीकडून पाणी सांभाळावे लागते. वस्ती जुनी असेल तेथे बंधाऱ्याशिवाय गत्यंतर नसते, हे मान्य. नवीन घर कोठे बांधावे हा प्रश्न मात्र अजून आपल्या हातात आहे, आणि तो प्रश्न आज वर्गात बसलेली मुलेच पुढे सोडविणार आहेत.

वादळांचाही हिशेब येथेच मांडावा. ३ जून २०२० रोजी आलेल्या निसर्ग चक्रीवादळाने रायगड व उत्तर रत्नागिरीत माड-पोफळीच्या बागा व सुरूची बने मोठ्या प्रमाणावर आडवी केली. अशा वादळात वाऱ्याच्या रेट्याने समुद्राची पातळीच काही काळ चढते; त्या वेळी अमावास्या-पौर्णिमेचे उधाण असेल तर लाटा एरवी न पोहोचणाऱ्या ठिकाणी पोहोचतात. मुंबईस उधाणात भरती-ओहोटीतील अंतर ४ ते ५ मीटरपर्यंत जाते, मालवणकडे ते सुमारे २ मीटर असते. म्हणून एकाच वादळाचा परिणाम वेळेनुसार व ठिकाणानुसार निरनिराळा दिसतो.

पोहण्याविषयी एक सूचना अवश्य द्यावी. दांड्याच्या आत साचलेले पाणी एखाद्या खोलगट फटीतून वेगाने समुद्राकडे परत जाते. त्या जागी लाटा कमी फुटतात, पाणी गडद व शांत दिसते. परगावच्या माणसास नेमकी तीच जागा सुरक्षित वाटते. या ओढीत सापडल्यास तिच्याविरुद्ध किनाऱ्याकडे झगडू नये. अंगावर तरंगत राहावे, हाक मारावी, जमल्यास किनाऱ्याला समांतर पोहत ओढीच्या बाहेर पडावे व मग लाटांबरोबर आत यावे. काठावरच्या मुलांनी स्वतः उडी न घेता दोर, रिकामा डबा अगर फळकूट टाकावे व मोठ्यांना बोलवावे.

ज्या शाळा समुद्रापासून दूर आहेत त्यांनी मोठी परात घ्यावी. एका बाजूस ओल्या वाळूचा उतार करावा, त्यात दोन धोंडे भूशिरासारखे रोवावे, पाणी भरून दुसऱ्या बाजूने पट्टीने संथपणे लाटा उठवाव्या. थोड्याच वेळात धोंड्यांपुढे तळ खरवडलेला व मधल्या भागात वाळूची कमान झालेली दिसेल. मग वाळूच्या उतारावर पाटीचा तुकडा उभा रोवून पुन्हा लाटा द्याव्या. त्याच्या पायथ्याशी पडणारी चर मुलेच बोट लावून दाखवितील.

समुद्राकाठच्या शाळांना परातीची गरज नाही. पुळणीमागे एखादा पक्का खुणेचा दगड अगर देवळाचा कोपरा निवडावा व तेथून भरतीच्या ओल्या रेषेपर्यंतचे अंतर दर पौर्णिमेस मुलांकडून पावलांनी नव्हे, दोरीने मोजवून घ्यावे. तारीख, अंतर, वाऱ्याची दिशा व वाळूचा रंग एवढेच वहीत लिहावे. पावसाळ्यातील मोजणी शिक्षकाच्या देखरेखीखाली व ओहोटीच्या वेळीच व्हावी. त्या वेळी भरतीची रेषा ओल्या वाळूवरून व वाहून आलेल्या काडीकचऱ्यावरून ओळखता येते. वही शाळेच्या दप्तरात ठेवावी व शिक्षकाची बदली झाल्यास ती नव्या शिक्षकाच्या हाती द्यावी, कारण एका वर्षाच्या आकड्यांवरून पुळण हटली की केवळ ऋतूप्रमाणे हलली, हे ठरविता येत नाही. त्यास आठ-दहा वर्षांच्या नोंदी लागतात.